तीनशे फुटांवरून

बॉलविन, मिझुरी
१२ एप्रिल

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, आधी एवढंच वाच, बाकीचं सावकाश. मी ठणठणीत आहे. मला कुणी पकडलेलं नाही, पोलिसांनी नाव लिहून घेतलेलं नाही, व्हिसाला कसलाही धक्का लागलेला नाही. मामांच्या धाकट्याने ग्रुपवर टाकलेला फोटो माझाच आहे, पण त्याखाली त्याने जे लिहिलं ते चुकीचं आहे. मी मयतीसमोर निदर्शनं करायला गेलो नव्हतो. माझ्या हातात जो झेंडा दिसतो, तो त्या घरच्यांनीच धरायला सांगितलेला.

फोनवर सांगणार होतो, पण रविवारी तू रडायला लागलीस, बाबांनी फोन घेतला, आणि त्यांनी विचारलं, "प्रेत दारात असताना घोषणा देणाऱ्या देशात तू राहतोस? तिथं आपल्या दंडसंहितेच्या कलम २९७ सारखं काही नाही का?" तेवढ्यात लाइन कट झाली. चार दिवस तोच प्रश्न डोक्यात होता. बाबा, तुमची तीस वर्षं कोर्टात गेली. तुम्हाला अर्धवट उत्तर चालायचं नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

आधी फोटोचं सांगतो. आमच्या मजल्यावर शेवटच्या दारात एक म्हातारं जोडपं राहतं. पहिल्या थंडीत माझी गाडी बर्फात रुतली होती तेव्हा फावडं घेऊन धावत आलेले आजोबा ते हेच. तुझे बेसनाचे लाडू त्यांना फार आवडायचे, मी सांगितलं होतं तुला. त्यांचा नातू लष्करात होता. वय वर्षं २३. मार्चमध्ये सरावाच्या वेळी अपघात झाला आणि पोरगं गेलं. चर्चमधला विधी शेजारच्या मँचेस्टर गावात होता आणि दफन जेफरसन बॅरक्सला, मिसिसिपी नदीच्या काठच्या मोठ्या लष्करी दफनभूमीत. दोन दिवस आधी आजी दारात आल्या. म्हणाल्या, कुणीतरी फोनवर सांगितलंय की फलक घेऊन काही लोक येणार आहेत. खरं-खोटं माहीत नाही. पण माझ्या मुलीला, म्हणजे पोराच्या आईला, ते फलक दिसता कामा नयेत. तू येशील उभा राहायला?

आई, तू असतीस तर नाही म्हणाली असतीस का?

आता ते 'फलकवाले' म्हणजे काय ते सांगतो. हे समजायला मलाच किती दिवस लागले. इथून साधारण ५०० किलोमीटरवर कॅन्ससमध्ये टोपेका नावाचं शहर आहे. तिथे वेस्टबरो बाप्टिस्ट चर्च नावाचा एक छोटा पंथ आहे. नाव चर्चचं, पण माणसं बहुतेक एकाच घराण्यातली. फ्रेड फेल्प्स नावाच्या माणसाने ते सुरू केलं, २०१४ मध्ये तो वारला. त्यांचं म्हणणं असं की अमेरिका समलिंगी लोकांना खपवून घेते म्हणून देव तिच्यावर कोपलाय, आणि सैनिक मरतात ती त्या कोपाची शिक्षा. म्हणून ते सैनिकांच्या अंत्यविधीला जायचे आणि बाहेर फलक धरायचे. फलकावर लिहिलेलं असायचं, "सैनिक मेले, देवाचे आभार". मी मुद्दाम मराठीत लिहिलं. तुम्ही मोठ्याने वाचाल आणि आईला ऐकू जाईल हे मला माहीत आहे, तरीही लिहिलं. त्याशिवाय ती आजी माझ्या दारात का आली हे कळणार नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, अशांना पोलिसांनी उचलून आत का टाकलं नाही? आपल्याकडे २९७ होतं, आता नव्या संहितेत ते ३०१ झालंय. अंत्यसंस्काराला जमलेल्या लोकांच्या भावना दुखवायच्या हेतूने कुणी व्यत्यय आणला तर एक वर्षापर्यंत शिक्षा. आपला कायदा त्या माणसाच्या मनात काय होतं ते विचारतो. इथला कायदा मनात शिरत नाही. फलकावर काय लिहिलंय ते वाचतसुद्धा नाही. तो फक्त टेप घेऊन येतो आणि अंतर मोजतो.

मँचेस्टर हे जेमतेम १८ हजार वस्तीचं गाव. आपल्या मंदिराच्या, म्हणजे वाइडमन रोडवरच्या देवळाच्या अगदी जवळ. मी दर शनिवारी ज्या रस्त्याने जातो तिथलं. या गावाने स्वतःचा कायदा केला: अंत्यविधी किंवा दफन जिथे चालू असेल तिथपासून ३०० फुटांच्या आत निदर्शनं करायची नाहीत, विधीच्या एक तास आधीपासून विधी संपल्यावर एक तासापर्यंत. बस, एवढंच. ३०१ व्या फुटावर उभं राहून तुम्ही तोच फलक धरू शकता. विधी संपून एक तास झाला की दारातही उभे राहू शकता. फलक देवाचा असो, सरकारविरोधी असो, कामगार संघटनेचा असो, नियम सगळ्यांना एकच. मला हे इतकं विचित्र वाटलं की मी ऑफिसातल्या तिघांना विचारलं. तिघांनीही तेच सांगितलं आणि तिघांनाही माझ्या विचारण्याचं नवल वाटलं.

३०० फूट म्हणजे ९१ मीटर. आई, आपल्या ओट्यावरून मारुतीच्या पारापर्यंत जेवढं आहे ना, तेवढं. पारावर कुणी बसलंय हे ओट्यावरून दिसतं, कोण आहे तेही ओळखू येतं, पण काय बोलतात ते ऐकू येत नाही. या लोकांनी नेमकं तेवढं अंतर ठेवलंय. मी चर्चच्या दारापासून चालत मोजलं, माझी सव्वाशे पावलं झाली. पोलिसांनी आदल्या दिवशी रस्त्याच्या कडेला नारिंगी रंगाने खूण करून ठेवली होती. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाला खड्डे घ्यायच्या आधी फक्की मारून ठेवतात, तशी.

हा एवढासा कायदासुद्धा सहज टिकला नाही. टोपेकावाल्यांनी गावावर दावा लावला. खालच्या कोर्टात गाव हरलं. अपिलात तीन न्यायाधीशांसमोर पुन्हा हरलं. मग त्याच अपील कोर्टाचं, म्हणजे आठव्या सर्किटचं, पूर्ण पीठ बसलं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. कारण हेच की गाव कुणाचं तोंड बंद करत नाही, फक्त थोडा वेळ आणि थोडी जागा मागतं. असे कायदे आज चाळीसहून जास्त राज्यांत आहेत. मिझुरीने २००६ मध्ये केला, कारण आदल्या वर्षी इथल्याच सेंट जोसेफ गावात एका सैनिकाच्या अंत्यविधीला हा प्रकार झाला होता. केंद्र सरकारने २९ मे २००६ रोजी राष्ट्रीय दफनभूमींसाठी कायदा केला. ३०० फूट, आणि तिथेही आधी-नंतर एकेक तास. २०१२ मध्ये तो तास दोन तासांचा केला. आणि ॲरिझोनाचं ऐका. जानेवारी २०११ मध्ये टुसॉनला गोळीबार झाला, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी गेली. तिच्या अंत्यविधीलाही हे लोक येणार असं कळलं, तर तिथल्या विधिमंडळाने एका दिवसात कायदा करून गव्हर्नरची सही घेतली. तीन दिवसांपूर्वी गोळीबार झालेला. सरकार इतकं भराभर हलू शकतं हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण बाबा, तुम्हाला खरी रुची असेल ती सुप्रीम कोर्टाच्या खटल्यात. स्नायडर विरुद्ध फेल्प्स. मॅथ्यू स्नायडर हा मरीन जवान मार्च २००६ मध्ये इराकमध्ये गेला. मेरीलँडमधल्या वेस्टमिन्स्टरला अंत्यविधी. मेरीलँडमध्ये तेव्हा असा कायदा नव्हता. सात जण फलक घेऊन आले आणि चर्चपासून साधारण १००० फुटांवर, पोलिसांनी सांगितलं तिथे, उभे राहिले. वडिलांना गाडीतून फक्त फलकांची वरची टोकं दिसली. काय लिहिलं होतं ते त्यांना संध्याकाळी टीव्हीवर बातम्या बघताना कळलं. हे वाचल्यावर मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मुलाला मातीत ठेवून घरी आलेला बाप, बूटसुद्धा काढले नसतील, आणि टीव्हीवर ते अक्षर न् अक्षर.

त्या बापाने दावा केला. ज्युरीने एक कोटी नऊ लाख डॉलर भरपाई दिली. न्यायाधीशांनी ती पन्नास लाखांवर आणली. वरच्या कोर्टाने सगळंच रद्द केलं, आणि वर टोपेकावाल्यांच्या खर्चाचे साडेसोळा हजार डॉलर त्या बापानेच भरावेत असा हुकूम काढला. मग सुप्रीम कोर्ट. चर्चची बाजू मांडायला फेल्प्सची मुलगीच वकील म्हणून उभी राहिली. २ मार्च २०११ ला निकाल लागला, आठ विरुद्ध एक. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी लिहिलं की शब्दांत मोठं दुःख द्यायची ताकद असते आणि इथे ते दिलं गेलं, पण म्हणून बोलणाऱ्याला शिक्षा करून आपण त्यावर उत्तर देऊ शकत नाही. विषय सार्वजनिक, जागा सार्वजनिक, म्हणून बोलायचा हक्क. एकटे न्यायमूर्ती अलिटो विरोधात गेले. मोकळी चर्चा म्हणजे दुःखात असलेल्या माणसावर शब्दांनी घाव घालायचा परवाना नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

मी अलिटोंच्या बाजूचा आहे. इथे सहा वर्षं राहूनही आहे. ऑफिसातले मित्र समजावतात की आज यांचं तोंड बंद केलं तर उद्या दुसऱ्याचं करतील, सरकारच्या हातात ते हत्यार द्यायचं नाही. डोक्याला पटतं. पण सुतकाच्या घरासमोर कुणी वाईट बोलायचं नाही हे आपल्याला कुणी कायद्याने शिकवलं नव्हतं. बांधावरून पंधरा वर्षं बोलत नसलेला चुलता मयतीला खांदा द्यायला येतो, ते मी लहानपणापासून बघितलंय. तरी एक मानतो. निकाल तसा लागला, पण अंतराच्या कायद्यांना कोर्टाने हात लावला नाही. उलट मेरीलँडने नंतर तसा कायदा केला याची नोंद निकालातच आहे. मग गावागावाने मिळेल तेवढी जागा मागून घेतली. ३०० फूट थोडे आहेत, मला विचारशील तर फार थोडे आहेत, पण त्या आईला तेवढ्यात तिचा मुलगा पोचवता येतो.

आणि जिथे कायदा पुरत नाही तिथे माणसं उभी राहतात. २००५ मध्ये कॅन्ससमधल्याच काही निवृत्त सैनिकांनी 'पेट्रियट गार्ड रायडर्स' सुरू केलं. मोटरसायकलवरून येतात, मोठे झेंडे घेऊन रांग लावतात, म्हणजे घरच्यांच्या आणि फलकांच्या मध्ये झेंड्यांची भिंत. घरच्यांनी बोलावलं तरच येतात. आरडाओरडा करत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. फोटोत माझ्या बाजूला जो दाढीवाला आहे, आई, ज्याला बघून तू घाबरलीस, तो सत्तरीचा माणूस आहे आणि व्हिएतनामला जाऊन आलाय. त्याने मला सांगितलं, झेंडा छातीच्या उंचीवर धर, वारा आला तर काठी पायाला टेकव, आणि काही झालं तरी त्यांच्याकडे पाठ कर.

नऊ ते अकरा उभा होतो. कुणीही आलं नाही. नारिंगी खुणेपलीकडे फक्त एक पोलिसाची गाडी आणि कुत्र्याला फिरवणारी एक बाई. निघताना शवपेटीमागे गाड्यांची रांग लागली तेव्हा समोरून येणारी प्रत्येक गाडी कडेला घेऊन थांबली. अनोळखी माणसं. एक ट्रकवाला खाली उतरून टोपी काढून उभा राहिला.

जेफरसन बॅरक्सलाही गेलो. आजोबांनी हात धरून गाडीत बसवलं, नाही म्हणता आलं नाही. तिथे बिगुल वाजला, बंदुकांच्या तीन फैरी झाल्या. पेटीवरचा झेंडा त्यांनी घडी घालत घालत त्रिकोणी केला आणि एका अधिकाऱ्याने गुडघ्यावर बसून आईच्या मांडीवर ठेवला. ती तो झेंडा कुरवाळत होती, झोपलेल्या पोराच्या केसांवरून हात फिरवावा तसा.

बाबा, मला तिथे आबा दिसले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिल्ला लावून २६ जानेवारीला शाळेत जाणारे. अपशिंगे मिलिटरीला आजोळी नेताना प्रत्येक घरासमोर थांबून या घरातला कोण कुठे होता ते सांगणारे. आणि मी त्यांच्या वेळी काय केलं? मोबाइल भिंतीला टेकवून रात्री तीन वाजता बघत बसलो. दादाने फोन धरला होता, ओढ्याकडे वळलात आणि रेंज गेली. परत लागला तेव्हा सरण अर्धं पेटलेलं. मी तेव्हा तुम्हाला म्हणालो की व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळत नाही, बाहेर पडलो तर परत येता येणार नाही. ते खरंच होतं. पण खरं असलं तरी खांदा द्यायचा राहिला तो राहिलाच. परवा कुणाच्या तरी नातवासाठी मी दोन तास उभा राहिलो, त्यात ते कारण होतं. तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्हाला समजलं असणार.

असो. इकडचं बाकी नेहमीसारखं. थंडी सरली. पाडव्याला गुढी गॅलरीत उभारली, कडुलिंब नव्हता, गूळ-खोबरं ठेवलं. जेवतो नीट. वजन कमी झालेलं नाही, फोटोत जाकीट ढगळ आहे म्हणून तसं वाटतं.

आता कामाचं. १,५०,००० रुपये बाबांच्या खात्यावर मंगळवारपर्यंत येतील. त्यातले लाख ताईच्या लग्नाच्या हॉलसाठी, उरलेले सोसायटीच्या हप्त्याला. कालव्याकडचे गुंठे विकायचं मनात आणू नका. मी आहे. आचाऱ्याला आगाऊ रक्कम मी जूनमध्ये पाठवतो, तोवर मामांकडून घ्या, पण मामांना सांगा की मी परत करणार आहे. स्लॅबचं गळणं पावसाच्या आत बघून घ्या. दर वर्षी 'यंदा राहू दे' म्हणता.

रहिमतपूरचं स्थळ. फोटो बघितला, मुलगी चांगली आहे. मी नाही म्हणत नाही, पण होकारही कळवू नका. आधी मला तिच्याशी फोनवर बोलू द्या. इथे यायचं म्हणजे काय ते तिला मी स्वतः सांगणार, हिवाळ्यासकट आणि मयतीला पोचता येत नाही त्यासकट. ते ऐकून ती हो म्हणाली तर बघू. तिच्या घरच्यांना ताटकळत ठेवू नका, दोन आठवडे मागून घ्या.

ताईच्या लग्नाला येतो. मुंबईच्या वकिलातीची तारीख अजून हातात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, पण यावेळी तारीख मिळो न मिळो, येतो. मॅनेजरला लेखी कळवलंय. परत यायला उशीर झाला तर तिथूनच काम करेन, नाहीतर बिनपगारी रजा. ताईला सांगा. आईला आत्ताच खरेदीच्या यादीत माझं नाव घालू दे.

आबांच्या वर्षश्राद्धाची तिथी गुरुजींकडून नक्की करून लगेच कळवा. आणि त्यांची पत्र्याची ट्रंक भंगारवाल्याला देऊ नका, आई, गंज लागला असला तरी. बिल्ला, पगडीवरचा तुरा, हिरवा स्वेटर, सगळं तसंच राहू दे. मी आल्यावर बघतो.

मामांच्या धाकट्याला रागावू नका. फक्त फोटोखालचं ते वाक्य काढायला सांगा.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा